पायाची माती

डॉक्टरांनी मंगळवार सांगितला होता आणि मारुतीने डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून रविवारी सकाळी टिटवाळ्याच्या घरात सगळे जमले. सगळे म्हणजे डोंबिवलीहून थोरला मुलगा प्रीतम आणि कोपरीहून मुलगी योगिनी. धाकट्या सर्वेशला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी तो आला नसता. लग्नानंतर त्याने कळव्यात बिऱ्हाड केलं आणि टिटवाळ्याचा रस्ता टाकला तो टाकलाच.

सुमतीने पोहे केले होते. अशा वेळी कोण खातंय? पण घरात माणसं जमली की तिच्या हातांना दुसरं काही सुचत नसे. तिने बशा भरल्या आणि नवऱ्याच्या पलंगाशी येऊन उभी राहिली.

मारुती खिडकीजवळच्या पलंगावर ताठ बसला होता. दाढी केलेली, मिशी कोरलेली. डावा पाय समोरच्या स्टुलावर, पोटरीपर्यंत पांढऱ्या पट्टीत. खोलीत उदबत्ती लावली होती आणि ती कशासाठी लावलीय हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे वासाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

साखर त्याला फौजेतून सुटला त्याच वर्षी निघाली. पेन्शन आणि डायबेटिस एकदमच घरी आले, असं तो पूर्वी पाहुण्यांना हसत सांगायचा. त्याआधी वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा हवालदार नवरा सुमतीला पुरता मिळाला तो असा, इन्सुलिनच्या सुईसकट. त्याचंही तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. मिळाला हेच खूप होतं.

"पप्पा, गुडघा राहतो," प्रीतम तिसऱ्यांदा सांगत होता. "गुडघा राहिला की सगळं राहिलं. नकली पाय बसवून लोक गाड्या चालवतात आज."

"लोक चालवू देत."

"अहो, पण काळं वर चढतंय! डॉक्टर म्हणाले ना, उशीर केला तर..."

"दोन पायांवर फौजेत गेलो, दोन पायांवर परत आलो. आता दोन पायांवरच जाणार. विषय संपला. डिसमिस."

"डिसमिस काय? आम्ही काय तुमचे जवान आहोत का?" योगिनीचा आवाज चिरकला. तिने बशी खाली ठेवली. "आईचा विचार केलाय का कधी?"

कोपऱ्यात जमिनीवर बसलेल्या रखमाबाईंनी मान वर केली. मारुतीची आई. ऐकायला कमी येतं म्हणायच्या, पण नको ते सगळं त्यांना नेमकं ऐकू यायचं.

"मारुतीचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "अर्धा मानूस वर घेत न्हाईत."

"आजी, तू मध्ये बोलू नकोस हं!" प्रीतम ओरडला.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" योगिनी आता भावावर उलटली. "आणि मी म्हणते, ठाण्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला काय हरकत आहे? तुला आपली कायम घाई."

"आत्ता तर तू माझ्या बाजूने होतीस!"

"मी कोणाच्याच बाजूने नाहीये. मला माझा बाप पाहिजे."

बहीण-भाऊ भांडत राहिले. सुमती नवऱ्याकडे बघत होती. तो त्या दोघांकडे बघतच नव्हता. त्याची नजर दाराजवळच्या चपलांवर होती. तिला एकदम कळलं, हा कोणाचे तरी बूट शोधतोय.

"बोलायचंय का तुम्हाला काही?" तिने हळूच विचारलं.

मारुतीने घसा साफ केला. दोघं गप्प झाली.

"पाय कापल्यावर त्याचं काय करतात?"

"म्हणजे? ते हॉस्पिटलवाले बघतात," प्रीतम म्हणाला.

"म्हणजे कचऱ्यात."

"कचऱ्यात नाही हो पप्पा, त्यांची पद्धत असते..."

"बर्फात चाललाय हा. वाळवंटात चाललाय. तो असा पिशवीतून नाही जाणार. त्याला रीतसर माती द्यायची. आणि माती द्यायला सर्वेश पाहिजे. तो येणार असेल तर मंगळवारी कापा. नाहीतर राहू दे."

"माझ्या मातीला येणार नाही म्हणून सांगून गेलाय तो," मारुती म्हणाला. "आलाच तरी मला काय दिसणार? हा पाय जाईल तेव्हा निदान मी बघायला असेन."

रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रीतम खिडकीकडे वळला आणि स्वतःशीच पुटपुटला, "सगळं करतो मी, आणि पाहिजे तो." त्याचंही काही चूक नव्हतं. पण त्या घडीला त्याची समजूत घालायला कोणाला सवड नव्हती.

दुपारीच सुमती कळव्याला निघाली. योगिनी सोबत येते म्हणाली, तिने नको म्हटलं.

वाटेत तिला राहून राहून ती लादी आठवत होती. टिटवाळ्याच्या बाथरूमबाहेरची, करड्या रंगाची.

सर्वेशचे पाय जन्मापासून सपाट. तळव्याला मधे खळगा असतो तो नाही. अशा पायांना भरतीत घेत नाहीत. हे मारुतीला कळलं तेव्हा पोरगा बारावीत होता, आणि प्रीतमला पहिल्यापासून पुस्तकांचा नाद, त्यामुळे बापाची सगळी आशा या धाकट्यावर. मग काय! रोज पहाटे उठवायचं. काचेची बाटली तळव्याखाली फिरवायला लावायची, चवड्यांवर गच्चीत फेऱ्या मारायला लावायच्या. आणि आंघोळ झाली की ओल्या पायाने त्या लादीवर उभं करायचं. पोरगं बाजूला झालं की मारुती वाकून ठसा बघायचा. अख्खा पाय उमटलेला असायचा, थापलेल्या भाकरीसारखा.

"पूस," एवढंच म्हणायचा तो.

आणि सर्वेश फडक्याने स्वतःचंच पाऊल पुसायचा. रोज. स्वयंपाकघरातून सुमती बघायची आणि गॅस मोठा करायची, म्हणजे आवाजात रडू लपतं.

शेवटी भरतीत नापास होऊनच तो परत आला. नंतर औषधाच्या कंपनीत लागला, मैथिलीशी जमलं, लग्न झालं. सगळं मागे पडलं असं वाटत असतानाच लग्नाच्या पूजेला, मैथिलीच्या माहेरची पंगत बसलेली असताना, मारुती मोठ्याने हसत म्हणाला, "पोरगा चांगला आहे हो आमचा. पाय तेवढे बदकाचे. फौजेने परत पाठवला, तुम्ही ठेवून घेतलात!" लोक हसले. सर्वेश भरल्या ताटावरून उठला. तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही आणि तुमच्या मातीलाही येणार नाही, असं सगळ्यांदेखत बोलून गेला. मारुती त्या दिवशी ज्या हसऱ्या तोंडाने बसला होता, त्याच तोंडाने संध्याकाळपर्यंत बसून राहिला. हसू कधी उतरवायचं हेच त्याला कळलं नसावं.

कळव्याला दार मैथिलीने उघडलं. सासूला बघून ती आधी हसली, मग तिचा चेहरा बघून हसायची थांबली. सुमतीने चहाही न घेता सगळं सांगून टाकलं. सर्वेश भिंतीला टेकून उभा राहून ऐकत होता. वजन वाढलं होतं त्याचं. उभं राहायची ढब मात्र बापाचीच.

पहिल्यांदा बोलली ती मैथिली.

"आई, राग मानू नका. पण एवढ्या वर्षांत त्यांनी यांना एक फोन नाही केला. आता पाय उचलायला आठवण आली?"

"मैथिली, राहू दे," सर्वेश म्हणाला.

"का राहू दे? तू झोपेत दात खातोस ते मी ऐकते, पप्पा नाही ऐकत."

सुमतीला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, पोराच्या बाजूने भांडणारं कोणीतरी आहे म्हणून. जे तिने स्वतः लादीपाशी करायचं होतं, ते ही करत होती.

"एवढा कसा चिघळला पाय?" सर्वेशने विचारलं. "योगिनी म्हणालेली, नुसता फोड आलाय."

"भाजला. चैत्रातल्या संकष्टीला भर उन्हात अनवाणी गेले गणपतीला. पायाला काही जाणवतच नाही ना आता. मंदिरासमोरची फरशी तापलेली, ह्यांना पत्ताच नाही. रात्री चादर ओली लागली तेव्हा मी बघितलं."

"अनवाणी कशाला पण? डॉक्टरांनी बजावलेलं ना?"

"काय माहीत. विचारलं तर म्हणाले, नवस बोलून दाखवायचा नसतो."

सर्वेशने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"माझ्यासाठी नसणार," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणतेय असेल म्हणून? मला खरंच माहीत नाही रे."

त्याने पायाच्या अंगठ्याने लादीवरची रेघ घासली. "पायासाठी येईन. पण त्यांच्यासमोर उभा राहणार नाही आणि घरात येणार नाही. सांगून ठेव."

"सांगते," सुमती म्हणाली, आणि मग तिने चहा मागितला.

मंगळवारी दुपारी कल्याणच्या त्या हॉस्पिटलात मारुतीला आत नेलं. तो जाईपर्यंत सर्वेश आला नव्हता. स्ट्रेचरवरून मारुती दाराकडे मान वळवून वळवून बघत होता. "येतोय म्हणाला ना?" त्याने दोनदा विचारलं. "रिक्षात आहे," योगिनी म्हणाली. मी बघायला असेन, असं रविवारी ऐटीत सांगणाऱ्या हवालदाराच्या हे लक्षातच आलं नव्हतं की, पाय जाईल तेव्हा आपण गुंगीत असणार. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाय कापायचा की नाही यावरच सगळे भांडत बसले होते.

तेवढ्यात टिटवाळ्याहून शेजारच्या अक्षदाचा फोन. रडत होती. "काकू, कधी गेले हो काका?"

"कुठे गेले? आत आहेत, ऑपरेशन चाललंय!"

"मग आजींनी दाराबाहेर पाण्याची बादली आणि कडुनिंबाचा डहाळा का ठेवलाय?"

सुमतीने कपाळावर हात मारला. योगिनी म्हणाली, "तू जा घरी, मी आणि दादा आहोत इथे. नाहीतर आजी अख्खी सोसायटी मातीला गोळा करील."

सुमती घरी पोचली तर पलंगाजवळ, जिथे मारुतीचा डावा पाय स्टुलावर असायचा, बरोबर तिथे दिवा लावलेला. स्टूल बाजूला सारलेलं. आणि दिव्यापुढे रखमाबाई चाळणीने जमिनीवर तांदळाचं पीठ पातळ पसरत होत्या. गावाकडे माणूस गेलं की त्या जागी असं पीठ पसरतात आणि सकाळी त्यावर काय उमटलंय ते बघतात. मुंगी, पाखरू, माणूस, कोणत्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात.

"आत्याबाई!" सुमतीचा तोल गेला. "माणूस जिवंत आहे माझा! पुसा ते आधी!"

"मानूस हाय. पाय गेला का न्हाई?"

"पायाचं कोणी पीठ घालतं का?"

"टोपली झाकाया पायजे खरं तर. तुज्या घरात धड टोपली बी न्हाई, समदं पलास्टिक." रखमाबाईंनी चाळणी खाली ठेवली. "पायाळू हाय मारुती. तुला म्हाईत हाय?"

"माहीत आहे."

"डावा पाय आदी आला हुता त्याचा. सुईन म्हनली, रखमे, पाय दिसतोय, आता देवाचं नाव घे. तोंड लई मागनं बगितलं म्या त्याचं. आदी त्यो पाय बगितला. एवढासा. जांभळा." त्यांनी बोटाने माप दाखवलं. "त्यो गेला आज. मंग म्या काय करू?"

सुमती त्यांच्याशेजारी खाली बसली. दोघी सासू-सुना कितीतरी वेळ त्या पिठाकडे बघत रडत होत्या. पुसायचं सुमतीने पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. पुढे प्रीतम होता. रखमाबाईंनी दारातच त्याच्या पायांवर पाणी घातलं, डहाळा हातात दिला. तो आत येऊन खुर्चीत कोसळला.

"आई, केवढं वजन असतं गं पायाला," तो म्हणाला. "आम्हाला पांढऱ्या कपड्यात बांधून दिला. मी घेतो म्हटलं, तर सर्वेशने हातच लावू दिला नाही. रिक्षात मांडीवर घेऊन बसला. स्मशानात खड्डा पण स्वतःच खणला त्याने. मीठ घातलं, माती लोटली. येताना म्हणाला, दादा, इतकी वर्षं तू एकट्याने केलंस. बास. एवढंच बोलला."

सुमती दारात गेली. सर्वेश जिन्याच्या वळणावर उभा होता. गुडघ्यापर्यंत माती.

"वर ये."

"नको आई. निघतो."

"दिवा बगितल्याबिगर मातीवरनं जायाचं नसतं," आतून रखमाबाई गरजल्या.

तो दोन पायऱ्या चढला. तिथूनच, उंबऱ्याबाहेरून, त्याने वाकून आत बघितलं. दिवा, पीठ, रिकामा पलंग, आणि पलंगाखाली पॉलिश करून शेजारी शेजारी ठेवलेले मारुतीचे दोन्ही बूट. त्याने हात जोडले. मग वळला आणि उतरून गेला. सुमतीने हाक मारली नाही. हाक मारली असती तर आपण रडत त्याच्या गळ्यात पडलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी तिला जाग आली ती रखमाबाईंच्या हाकेने.

"सुमे! ऊठ! आला बग माजा मारुती. पाय उठलाय!"

सुमती धडपडत आली. दिवा विझत आला होता. पिठात, मधोमध, पाऊल होतं. डावं. मोठ्या माणसाचं.

तिच्या अंगावर काटा आला. मग ती वाकली. बघितलं. आणखी वाकली.

तळव्याला खळगा नव्हता. टाचेपासून चवड्यापर्यंत अख्खा पाय भरून उमटला होता, भाकरीसारखा. तिथून पिठाचे पुसट डाग पलंगापर्यंत गेले होते. पलंगावरची चादर एका कडेला चुरगळलेली होती, कोणीतरी बसून उठल्यासारखी.

"आत्याबाई, दार कोणी उघडलं?"

रखमाबाईंनी तोंड फिरवलं. "मला काय ऐकाया येतंय व्हय कोन आलं नि गेलं?"

"आत्याबाई."

"फाटंचं आला हुता. रातभर ठेसनावरच बसला म्हनं. पानी मागितलं. पान्याला न्हाई म्हनू नये." मग हळूच, "बापाच्या अंथरुनावर बसला वाईच. बूट हातात घिऊन बसला. मंग गेला."

सुमती त्या पावलाशेजारी बसून राहिली. मग उठली, आवरलं आणि हॉस्पिटलला निघाली. निघताना म्हणाली, "कोणाला तिकडे फिरकू देऊ नका."

वॉर्डाच्या बाहेर प्रीतम तिची वाट बघत होता. काल रात्री परत येऊन तो तिथेच जागा होता. ताप उतरत नाहीये, तो म्हणाला. विष वर गेलंय. उद्या गुडघ्याच्या वरून पुन्हा कापतील, पण डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून ठेवा. एवढं सांगून तो लहान मुलासारखा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपण का रडत नाही आहोत, याचंच तिला नवल वाटत होतं. मग तिने डोळे कोरडे आहेत ना हे बघितलं आणि आत गेली.

मारुती जागा होता. ओठ सुकले होते, मिशी विस्कटली होती. चादर डाव्या बाजूला जिथे संपायला नको तिथे सपाट झाली होती. सुमतीने तिकडे बघायचं टाळलं.

"कोणी नेला?" त्याने विचारलं. आवाज खोल गेला होता.

"सर्वेशने."

"प्रीतम पण तेच म्हणतो. योगिनी पण." त्याने डोळे मिटले. "मला बरं वाटावं म्हणून सगळे एक झालात. कळतं मला. तो नाही आला."

"आला होता हो."

"मी बघितलं नाही."

तिने काय काय सांगितलं असतं! मांडीवर घेतलेलं, मीठ घातलेलं, खणलेला खड्डा. पण यातलं एकही त्याने डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं आणि न बघितलेल्या गोष्टीवर या माणसाने आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. तिने मिशी बोटांनी सारखी केली.

"आत्याबाईंनी काल पीठ पसरलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या पलंगाजवळ."

तो हसला, ओठाच्या एका कडेने. "म्हातारी म्हणजे... मग? काय उठलं? पाखरू?"

"पाऊल उठलंय. डावं."

"माझं?"

"नाही," सुमती म्हणाली. "सपाट आहे."

मारुतीने डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिला. खोटं बोलत असली तर तिच्या चेहऱ्यावर दिसतं, हे त्याला सुट्ट्यांच्या दिवसांपासून माहीत होतं.

"अख्खं?"

"अख्खं. मधे जरासुद्धा जागा नाही."

त्याच्या छातीतून कसलासा आवाज आला. हात उचलायचा होता त्याला, पण सुईची नळी होती, म्हणून त्याने नुसतीच तिची बोटं धरली. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात सुमतीने त्याला रडताना बघितलं नव्हतं.

"सुमती."

"हं."

"पुसलं नाहीस ना?"

"नाही. आत्याबाई राखणीला बसल्यात."

"पुसू नकोस," मारुती म्हणाला. "घरी आलो की बघतो."

"राहू देते," ती म्हणाली, आणि त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसली.